पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये

मराठीत ‘पोच’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला, कागद मिळाल्याची शिक्का-सहीची खूण. दुसरा, समज, ‘एवढा वाढला, पण पोच नाही’ असे मामा ज्या अर्थाने म्हणतो तो. विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याकडे (यापुढे ‘उमेदवार’) दुसरी पोच असावी, अशी नातेवाइकांची इच्छा असते. कचेरीची तशी काही अट नाही. तिला पहिली पुरते. सदर मार्गदर्शन त्या पहिल्या पोचेविषयी आहे. दुसरी वाटेत कुठे सापडलीच, तर उमेदवाराने ती स्वतःच्या जबाबदारीवर उचलावी.

आधी साहित्य. बटनाची प्लास्टिक फाइल एक. पासपोर्ट आकाराचे फोटो डझनभर, ज्यांत उमेदवार स्वतःसारखा दिसत नसला तरी चालेल, पण सगळ्यांत एकाच शर्टात दिसला पाहिजे. निळे पेन दोन, कारण पहिले रांगेतला पुढचा माणूस ‘जरा देता का’ म्हणून घेईल. आणि ओटीपी येईल असा मोबाइल नंबर. हा नंबर उमेदवाराचाच असावा. सायबर कॅफेवाल्याचा नंबर घालून अर्ज भरणाऱ्यांच्या जागा कुठे लागतात, हे आधी सायबर कॅफेवाल्याला कळते.

दाखल्यांची तयारी बारावीचा निकाल लागल्यावर सुरू करणारा उमेदवार आशावादी समजावा. त्या आठवड्यात अख्खा तालुका सेतू केंद्रासमोर उभा असतो आणि सर्व्हर झोपलेला असतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हे सगळे वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या वेगवेगळ्या लहरींवर मिळते. यांत नॉन-क्रीमी लेअर हा सर्वांत नाजूक प्रकृतीचा कागद. त्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला संपते आणि प्रवेश सुरू होतात उन्हाळ्यानंतर. म्हणजे मागच्या वर्षी अकरावीत हौसेने काढून ठेवलेला दाखला ऐन गरजेच्या वेळी मृत असू शकतो. उमेदवाराने फाइल उघडून त्याची नाडी पाहावी.

जात वैधतेची गोष्ट आणखी मागे जाते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला कुटुंबाचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या, नाहीतर पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. ज्यांचे आजोबा शाळेत गेले, त्यांचे काम होते. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवरही चढू दिले नव्हते, त्यांच्या नातवाने तो अन्याय सिद्ध करायला त्याच शाळेचा कागद आणायचा असतो. विनोद इथे मार्गदर्शकाचा नाही, व्यवस्थेचा आहे. तोडगा एवढाच, की चुलत्याला किंवा आत्याला आधी वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. वडिलांच्या बाजूच्या नात्यातला असा एक कागद दहा जुन्या उताऱ्यांना भारी पडतो.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर आणि शाळेच्या दाखल्यावर एक काना जास्त. उमेदवार एकच, कागदोपत्री चार भावंडे. चौघांचे मीलन प्रतिज्ञापत्राने किंवा राजपत्राने घडवून आणावे आणि ते प्रवेशाआधी घडवावे. शिष्यवृत्तीचे पैसे यांपैकी नेमके बँकवाल्या भावंडाच्या नावावर येत असतात. या प्रश्नाला पुढे आणखी भवितव्य आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी लिहिली जातात. निर्णय उत्तमच आहे. ही मुले २०४२च्या सुमारास महाविद्यालयाच्या खिडकीशी येतील, तेव्हा अर्जात चौथा रकाना असेल की नाही, हे तेव्हाच्या सर्व्हरवर अवलंबून.

साक्षांकनाची पूर्वीची मजा आता गेली. पूर्वी राजपत्रित अधिकारी शोधावा लागे. कुणाच्या तरी ओळखीचे पशुवैद्यकीय अधिकारी असत आणि गाभण म्हशी बाजूला ठेवून ते गुणपत्रिकेवर सही ठोकत. आता स्वसाक्षांकन चालते. उमेदवाराची प्रत खरी आहे, हे उमेदवारच लिहून देतो.

एवढे झाल्यावर परीक्षा. अभियांत्रिकीला जाणाऱ्याने राज्याची सीईटी द्यावी. भौतिकशास्त्राचे पन्नास प्रश्न, रसायनशास्त्राचे पन्नास, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही पन्नास, पण प्रत्येकी दोन. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताच्या ताब्यात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे हा अव्यवहारीपणा ठरतो. बारावीत खुल्या गटाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. ‘बारावीला आता कोण विचारतं’ असे सांगणारा मोठा भाऊ हा आकडा सांगायला विसरतो.

निकाल टक्क्यांत येत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो. घरातल्या ज्येष्ठांना हा फरक समजावण्यात एक आठवडा जातो, म्हणून येथे एकदाच सांगून ठेवतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्व्याण्णव गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरांतले नव्व्याण्णव जण याच्या बरोबर किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तीन लाख मुलांनी परीक्षा दिली असेल, तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे तरीही तीन हजार जण उभे असतात. पेढे वाटायला हरकत नाही. फक्त कोणत्या महाविद्यालयाचे वाटतोय, ते इतक्यात सांगू नये.

पसंतीक्रमाचा अर्ज हे या सगळ्या कर्मकांडाचे गर्भगृह. इथे महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोड्या आवडीच्या क्रमाने लावायच्या असतात आणि त्या शेकड्यांनी लावता येतात. नेमके इथेच शेजारचे काका प्रवेश करतात. ‘मिळणार नाही ते वर कशाला टाकतोस? मिळेल ते आधी टाक!’ हा सल्ला बसमध्ये जागा धरायला योग्य आहे, प्रवेशफेरीला नाही. संगणक वरून खाली वाचत येतो. वरची जागा मिळाली नाही, तर खालची तपासतो. वर टाकल्याबद्दल दंड करत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणजे काकांचे ऐकून ‘हमखास मिळणारे’ पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्याला ते हमखास मिळते. आणि मग तेच घ्यावे लागते.

वाणिज्य आणि व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांनी आपण सुटलो असे मानू नये. २०२४-२५पासून बीबीए, बीसीए, बीएमएस ही मंडळी तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली गेली आणि त्यांनाही सीईटी आली. जागा एक लाखाहून अधिक आणि परीक्षेला बसलेली मुले त्यांच्या निम्मीही नव्हती. ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान कित्येक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचेच बारसे नव्याने केले. जुन्या बीएमएसचे ‘व्यवस्थापन विषयातील बीकॉम’ झाले आणि बीकॉमला सीईटी नव्हती. वर्ग तोच, फळा तोच, शिकवणाऱ्या मॅडम त्याच. उमेदवाराने अभ्यासक्रमाचे नाव वाचताना त्याचे माहेरचे नावही विचारून घ्यावे.

आता मुळात विद्यापीठ म्हणजे काय, याचा उलगडा करणे प्राप्त आहे. उमेदवाराला वाटते, विद्यापीठ म्हणजे मोठी बाग, ग्रंथालय आणि कॅन्टीन. प्रत्यक्षात ते आधी कागदावर जन्मते. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७चा. उत्तरेत उठाव पेटलेला होता, दिल्ली ताब्यात नव्हती आणि तरीही सरकार मुंबईच्या विद्यापीठाचा कायदा मंजूर करत होते. कागदावरची निष्ठा ही आपल्या प्रशासनाची फार जुनी परंपरा आहे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हते. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, बाकी शिकवणे महाविद्यालयांनी पाहावे, अशी वाटणी होती. १८६२ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले आणि आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला, तो पुरा झाला १८७८मध्ये. म्हणजे पदवीधर आधी आले आणि घड्याळ नंतर. विद्यापीठाच्या वेळापत्रकाकडे पाहताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

ही जुनी वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. सावंतवाडीचा उमेदवार मुंबई विद्यापीठाचा पदवीधर होतो, पण विद्यापीठ असते सुमारे पाचशे किलोमीटरवर. तीन वर्षांत तो त्या आवारात पाऊलही ठेवत नाही. ठेवलेच तर कोणत्या तरी विषयात नापास दाखवल्याची तक्रार घेऊन. म्हणून प्रवेश घेताना ‘कॉलेज कोणते’ याबरोबर ‘पदवी कोणाची’ हेही विचारावे. स्वायत्त महाविद्यालय परीक्षा स्वतः घेते, पण पदवीवर नाव मूळ विद्यापीठाचे असते. अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ पदवी स्वतःच देतात आणि शुल्काचा आकडाही त्याच स्वावलंबी वृत्तीने ठरवतात. आणि पाटीवर विद्यापीठ लिहिलेली प्रत्येक वास्तू विद्यापीठ नसते. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात महाराष्ट्रातले नागपूरचे राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षे मानाने टिकून आहे. यादी फुकट वाचता येते. माहितीपत्रक मात्र पाचशे रुपयांना.

शुल्काच्या बाबतीत उमेदवाराला काही हक्क आहेत, आणि ते सूचनाफलकाच्या सर्वांत खालच्या, उदबत्तीच्या धुराने काळ्या पडलेल्या कोपऱ्यात लावलेले असतात. उदाहरणार्थ, २०२४-२५पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही. वसतिगृह, मेस, ‘विकास निधी’ आणि ब्लेझर यांबद्दल शासन मौन पाळते. काउंटरवर ‘आधी पूर्ण भरा, मग मिळतील’ असे सांगितले, तर आवाज न चढवता ‘हे लेखी द्याल का?’ एवढे विचारावे. या चार शब्दांनंतर पुष्कळ नियम अचानक आठवतात.

प्रवेश रद्द करायचा झाला तर? अनुदान आयोगाच्या २०१८च्या सूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पहिल्या पंधरवड्यात ८० आणि पुढच्या पंधरवड्यात ५०. मग शून्य. त्याच सूचनेप्रमाणे मूळ प्रमाणपत्रे संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवायची नसतात. पाहायची, पडताळायची, परत द्यायची. तरीही ‘ओरिजिनल जमा करा’ म्हणणारी खिडकी भेटेलच. शाळा सोडल्याचा दाखला द्यावा लागतो, तो द्यावा. बाकी मूळ कागद हातातून सोडणे म्हणजे बैल विकण्याआधी कासरा देणे होय.

जागा मिळाली, पैसे भरले. उमेदवार आता विद्यार्थी झाला. पहिल्या दिवशी त्याला एक तक्ता मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे रूप पालटले आहे. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. प्रत्येक सत्रात वीस ते बावीस श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागे वर्गातले पंधरा तास. विषय आता विषय राहिले नाहीत. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, सीईपी असे ते ओळीने उभे असतात, एसटी महामंडळाच्या बोर्डावर गाड्यांचे थांबे लिहावेत तसे. ओई म्हणजे मुक्त निवडीचा विषय. मुक्त निवड म्हणजे, ज्या विषयाला शिकवणारे सर त्या वर्षी मोकळे आहेत तो. कला शाखेच्या मुलीने म्युच्युअल फंड शिकावेत आणि वाणिज्यच्या मुलाने लोककला, ही कल्पना कागदावर खरोखर सुंदर आहे आणि काही महाविद्यालयांत ती वर्गातही सुंदर उतरते. तिथे बसायला मिळाले तर तो तास बुडवू नये.

तसे हजेरीचे ७५ टक्के लागतातच. ते कमी पडले की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि तिच्यावर आपले नाव पाहण्यासाठी विद्यार्थी वर्षात पहिल्यांदा सूचनाफलकाकडे जातात.

सबमिशन हा स्वतंत्र संप्रदाय आहे. जर्नल लिहायचे, तपासून घ्यायचे, शिक्का घ्यायचा, सर्टिफिकेटवर विभागप्रमुखांची सही घ्यायची. विभागप्रमुख तेव्हा मीटिंगमध्ये असतात. प्रयोगातले आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवताना निदान तारीख तरी बदलावी. गुरुत्वाकर्षण दर वर्षी सारखेच असते, पण प्रयोग मे महिन्यातल्या रविवारी झालेला नसतो. विषय राहिला तर केटी. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या उदार इंग्रजीचा तो मराठमोळा संक्षेप असून, ‘किती केट्या?’ हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वसतिगृहात ‘जेवलास का’ इतक्याच सहज विचारला जातो.

वसतिगृहाविषयी थोडे. गावाकडून शहरात येणाऱ्या मुलाचे काय होते, हे मराठी वाचकाला भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’मुळे १९६३पासून ठाऊक आहे. खानदेशातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर शेवटी पदवीविनाच गावी परततो. पण याच राज्यात दुसरीही वाट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवले. १९४७ साली सुरू झालेल्या त्यांच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुले शेतात राबून शिकली. ही योजना आज राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत आहे. ग्रंथालयात, बागेत, कचेरीत तासाच्या हिशेबाने काम मिळते. मानधन थोडे असते आणि उशिरा येते; मात्र या कामातून विद्यार्थी खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, आणि अर्ज हरवतात कुठे, हे त्याला तिथे समजते. इतर कोणत्याही श्रेयांकात हे ज्ञान नाही.

परीक्षा झाल्यावर निकाल लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. तयारी अपुरी होती. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती टळली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, परदेशी जाणाऱ्यांचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच पदावरून जावे लागले. तेव्हा गुण अनपेक्षित वाटले तर रडण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. ९ ऑगस्ट २०११ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात हक्क आहे. अर्जाची मुदत आखूड असते आणि ती ज्या परिपत्रकात असते, ते परिपत्रक संकेतस्थळावर ‘ताज्या घडामोडी’त नसून ‘इतर’मध्ये असते. छायाप्रत हाती आली की आधी बेरीज तपासावी. मग पुरवणी मोजावी.

फार हुशार विद्यार्थ्यांसाठी सुवर्णपदके असतात. त्यांच्याही अटी वाचाव्यात. २०१७मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका सुवर्णपदकाच्या परिपत्रकात विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा, असे कलम निघाले. गुणवत्तेचा बोंबलाशी संबंध काय, असा गदारोळ उठला आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. २०१९मध्ये त्याच विद्यापीठात पदवीप्रदानाला डोक्यावर पुणेरी पगडी असावी की महात्मा फुल्यांची, यावर वाद झाला. पदवीवर कुणी वाद घातल्याची नोंद नाही.

पदवी प्रमाणपत्र मात्र आपोआप घरी येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि पदवीप्रदानाची तारीख गाठावी लागते. दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याला वर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज वेगळा, खिडकीही वेगळी. प्रमाणपत्रे आता डिजिलॉकरमध्येही मिळतात आणि ती कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत. हे वाक्य समोरच्या कारकुनाला वाचून दाखवावे. तो शांतपणे ऐकून घेईल आणि दोन झेरॉक्स मागेल.

त्या द्याव्यात. त्याबरोबर अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवावी, तीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. साहेब जेवायला गेले असतील तर बाकावर बसून राहावे. ते साधारण अडीचला येतात.